डाळिंबाच्या सालीचा रंग सुती कुर्त्यांवर टिकत नाही, मदत हवी आहे

शहापूरकर: विटलेले तीन पांढरे सुती कुर्ते टाकून देण्यापेक्षा घरीच रंगवायचे आहेत. कोरडं कापड अर्धा किलो. साल उकळून त्यातच तुरटी घातली. पिवळा आला, पण ठिपक्याठिपक्यांचा, आणि पहिल्याच धुण्यात निम्मा उतरला. पाणी बोअरचं.

खानापूर_रानवाट: तुरटी सालीच्या पाण्यात घातली की रंग तिलाच धरून गाळ होतो, कापडाच्या वाट्याला थोडाच येतो. तुरटी आधी, वेगळी. ठिपके खळीचे किंवा तेलकटपणाचे. १० ग्रॅम धुण्याचा सोडा घालून कुर्ते तासभर उकळा. पाणी पिवळट झालं तर पुन्हा एकदा. मग १०० ग्रॅम हिरडापूड कोमट पाण्यात कालवून, गाळून, त्यात रात्रभर भिजत ठेवा. सकाळी नुसतं पिळा, खळबळू नका. नंतर ७५ ग्रॅम तुरटी गरम पाण्यात विरघळवून त्यात दोन तास. सुताला तुरटी एकटी नीट धरत नाही, हिरड्यातलं टॅनिन (तुरट द्रव्य) लागतं. आता हलकं खळबळून रंगात घाला: सुकी साल ४०० ग्रॅम, रात्रभर भिजवून, तासभर उकळून, गाळलेली. उकळी न आणता पाऊण तास हलवत राहा आणि त्यातच गार होऊ द्या. भांडं मोठं हवं, कापड कोंबलं की पुन्हा चट्टे.

वडगाव_माग: हिरड्याची गरज नाही ओ. डाळिंबाच्या सालीतच टॅनिन भरपूर. सालीच्या पाण्यात रात्रभर, मग तुरटी, मग परत साल, असं करा की. हिरडा स्वतःचा पिवळेपणा देतो तो वेगळा. बोअरच्या पाण्याचं मात्र आधी बघा: पेलाभर पाण्यात चिमूटभर हिरडापूड टाका. काळपट-निळसर झालं तर लोह आहे, रंग मळकट येणार. पावसाचं पाणी धरून ठेवा, आपल्याकडे त्याला तोटा नाही.

शहापूरकर: मळकट हिरवा मुद्दाम हवा असेल तर? लोखंडी कढई चालेल?

वडगाव_माग: कढईत लोह किती उतरेल ते हातात राहत नाही. स्टीलच्या भांड्यात १० ग्रॅम हिराकस (लोहाचा क्षार), रंगवून झाल्यावर दहा मिनिटं. जास्त घातलं तर सूत कुजतं, वर्षा-दोन वर्षांत कापड फाटतं. ते भांडं परत स्वयंपाकाला नको.

खानापूर_रानवाट: शिलाईचा दोरा पॉलिएस्टरचा असला तर पांढराच राहील. कुर्त्याचाही एक धागा जाळून बघा. कागदासारखा जळून राख झाली तर सुती. कडक मणी झाला तर टेरिकॉट (पॉलिएस्टर मिसळलेलं कापड), त्यावर रंग फिकाच बसणार. धुताना रिठा, वाळत सावलीत. उरलेलं रंगाचं पाणी फेकू नका, त्यात एखादी ओढणी फिक्या छटेत निघते.