सेफ्टी आणि सिक्युरिटी: दोन्ही 'सुरक्षा'च?

धरमपेठकर: कॉलेजच्या मुलांसाठी एआय संशोधनावरचा लेख मराठीत करतेय. ब्रिटन सरकारने २०२३ मध्ये 'एआय सेफ्टी इन्स्टिट्यूट' काढली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तिचं नाव 'एआय सिक्युरिटी इन्स्टिट्यूट' केलं. माझं वाक्य असं झालंय: "एआय सुरक्षा संस्थेचे नाव बदलून एआय सुरक्षा संस्था ठेवण्यात आले." मुलं हसतील. काय करू?

शुद्धमती: यात अडचण कसली? सेफ्टी म्हणजे सुरक्षितता, सिक्युरिटी म्हणजे सुरक्षा. एक स्थिती, दुसरी व्यवस्था. प्रत्ययाकडे लक्ष द्या.

बर्डीचा बाबू: मग 'रस्ता सुरक्षा सप्ताह' कशाचा? रस्त्याला पहारा देतात का? अन्नाचं बघा. २००६ चा भेसळीबिसळीचा कायदा 'अन्न सुरक्षा', आणि २०१३ चा रेशनच्या धान्याचा कायदाही 'अन्न सुरक्षा'. सरकारनेच दोन्ही एका पोत्यात भरलेत.

शुद्धमती: सरकारी अनुवादक चुकले म्हणून आपणही चुकायचं?

काटोलवाला: काहून एवढा घोळ बाप्पा? संत्र्याच्या बागेत विहिरीले कठडा बांधतो ते सेफ्टी, रात्री जागलीले जातो ते सिक्युरिटी. कठडा आपला तोल गेला तर कामी येते. जागल, कोणी मुद्दाम घुसलं तर.

धरमपेठकर: हे झकास! 'मुद्दाम' हाच फरक आहे. लेखात वॉशिंग्टन, मिशिगन, बर्कली वगैरे विद्यापीठांचा प्रयोग आहे. त्यांनी 'थांबा'च्या पाटीवर काळ्यापांढऱ्या पट्ट्या चिकटवल्या, तर संगणकाने ती ताशी ४५ मैल वेगमर्यादेची पाटी म्हणून वाचली. चिकटवणारा माणूस आहे म्हणून सिक्युरिटी, पण गाडी चौकात थांबली नाही तर सेफ्टी. तिथे कोणता शब्द?

बर्डीचा बाबू: तिथे 'धोका'. मराठीत संकट, हिंदीत फसवणूक, आणि नागपुरात दोन्ही. मॉडेलला धोका दिला म्हणून चौकात धोका झाला. असा शब्द पुण्याला मिळणार नाही.

शुद्धमती: "धोका दिला" हे मराठी नव्हेच. "दगा दिला" म्हणा.

बर्डीचा बाबू: दगा फारसीतून आलाय, ताई. तो चालतो?

शुद्धमती: शिवकाळापासून रुळलाय.

बर्डीचा बाबू: आमचा धोका नागपुरात सदर भागातल्या चहाटपरीवर रुळलाय. किती वर्षं झाली की पास करता?

वाचक७: सेफ्टीला 'निर्धोक' वापरा की. 'निर्धोक एआय'. कानाला बरं वाटतं.

शुद्धमती: संस्कृत 'निर्' आणि पुढे 'धोका'? संकर आहे. त्यापेक्षा 'निर्भय'.

वाचक७: निर्भय म्हणजे ज्याला भीती नाही तो. एआयला भीती वाटू नये एवढीच काळजी आहे का आपल्याला? 'बिनधोक' घ्या मग, त्यात संस्कृत नाही.

काटोलवाला: बिनधोक म्हंजे 'बिनधास्त जा' असं ऐकू येते. यंत्राले असं सांगू नका.

धरमपेठकर: शीर्षक उद्या सकाळी द्यायचंय हो.

वाचक७: काटोलवाले, जागल फक्त चोरांसाठी, की जनावरांसाठीही? आमच्या आजोळी रोह्यांसाठी जायचे.

काटोलवाला: रोही, डुकरं, चोर, सगळ्यांसाठी. चोर कमी, रोही जास्त.

शुद्धमती: रोही म्हणजे नीलगाय ना? मग ती मुद्दाम घुसते असं कसं म्हणता? तुमची व्याख्या तिथेच फसली.

काटोलवाला: या एकदा बागेत. मुद्दाम नाही म्हणाल तर बाग तुमच्या नावावर करतो.