मदत हवी आहे: कागदावर गरीब नाही, पण महिना भागत नाही, हे मांडायचं कसं?

नमस्कार मंडळी, जरा अडलोय. बहिणीच्या घरी कमावती ती एकटीच, दोन मुलं आणि सासूबाई. तिने मदतीसाठी अर्ज केला होता, तो "मर्यादेच्या वर" म्हणून परत आला. फेरविचाराचं पत्र मी लिहून देणारे, त्यासाठी सहा महिने तिचा सगळा खर्च वहीत उतरवलाय.

जागतिक बँकेची अति गरिबीची रेषा जून 2025 पासून माणशी रोज 3 डॉलर झालीये, आधी 2.15 होती. ती बाजारातल्या डॉलरच्या भावाने नाही तर पीपीपीने बदलायची, म्हणजे तेवढ्या पैशात आपल्याकडे प्रत्यक्षात काय येतं ते धरायचं, इतपत कळलं. तसं केलं तरी हे घर वरच बसतं. आणि वहीत वीस तारखेनंतर दर पानावर "उसने" लिहिलेलं आहे!

खरा घोळ पुढेच आहे. मधे सासूबाई दवाखान्यात होत्या, कर्ज काढून बिल भरलं. म्हणजे खर्चावरून गरिबी मोजायची तर त्या महिन्यात हे घर सगळ्यात सुखात दिसतं, आणि आता जे हप्ते चाललेत ते म्हणे उपभोगाच्या खर्चात धरतच नाहीत. हप्ते सुरू झाल्यापासून थोरल्याची शिकवणी बंद, धाकटीच्या चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलीये. वहीत चष्म्यापुढे शून्य आहे, पण गरज शून्य नाहीये ना.

अमेरिकेची गरिबीची रेषा तिथल्या सरकारी अर्थतज्ज्ञ मॉली ओरशान्स्की यांनी 1960च्या दशकात काढली, तेव्हा कुटुंबाच्या उत्पन्नातला साधारण तिसरा हिस्सा जेवणावर जायचा म्हणून किमान जेवणखर्च गुणिले तीन, आणि अजूनही तीच रेषा महागाईप्रमाणे वाढवत नेतात. बहिणीकडे भाडं आणि औषधंच एवढी आहेत की तो तीनचा हिशोब बसतच नाही.

तर कुणी असं काम केलं असेल तर सांगा, दवाखान्याचं बिल वेगळं काढून मांडलं तर चालतं का, आणि हप्ते कुठे दाखवायचे? अँकर पद्धतीत, म्हणजे नीट जगायला किती पगार लागतो ते काढायच्या पद्धतीत, जेवण, घर, बाकीच्या गरजा आणि अडीअडचणीसाठी थोडी रक्कम असं धरतात, ते एकाच घराला लावलं तर वाचणारा मानेल का? माणशी हिशोब करताना मुलांना पूर्ण माणूस धरायचं की कमी, यावरही माझा गोंधळ आहे. नावं काढून वहीचा तक्ता इथे टाकू शकतो, सांगा फक्त.