मदत हवी आहे : थिबा राजाला गुप्त मंडळाचा प्रमुख करावं का?

नमस्कार मंडळी,

मी रत्नागिरीचा. दोन वर्षं एक कादंबरी लिहितोय आणि मधोमध अडकलोय, म्हणून हा धागा.

१९०८ साली लोकमान्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना ब्रह्मदेशात मंडालेला नेलं. म्हणजे रत्नागिरीत जन्मलेला माणूस मंडालेच्या तुरुंगात आणि मंडालेचा राजा थिबा रत्नागिरीत कैदेत. शाळेत असताना हे ध्यानात आलं, तेव्हापासून डोक्यातून गेलेलं नाही. कादंबरी त्यावरच उभी आहे. एक तरुण वकील, आगबोटीवरचा खलाशी आणि एक सोनार मिळून गुप्त मंडळ काढतात, थिबा राजाला प्रमुख मानतात, त्याच्या नावाने शपथ घेतात. हे सगळं अर्थात कल्पित.

अडचण राजाचीच आहे. नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजांनी त्याचं राज्य घेतलं, आधी मद्रासला ठेवलं, १८८६ च्या एप्रिलात इथे आणलं. १९१६ च्या डिसेंबरात तो इथेच गेला. तीस वर्षं! वर पोलिटिकल ऑफिसरची नजर, परवानगीशिवाय कुठे जाता येत नाही, पैसा पुरेना म्हणून दागिने विकायची वेळ. (सोनार त्यासाठीच घेतलाय. राजाचा नोकर त्याच्याकडे गेला तर कुणाला काही खटकणार नाही.) अशा माणसाच्या तोंडी हुकूम आणि सांकेतिक शब्द घातले की प्रकरण रंगतं, पण वाचताना तो मला थिबा वाटतच नाही. त्याचं ते कोंडलेपण कुठे जातं कळत नाही.

मग राजाला मंडळाची खबरच नाही असं दाखवू का? पण तसं केलं तर तो नुसता नावापुरता उरतो, आणि तेही जिवावर येतं.

थोरल्या राजकन्येची गोष्ट मी मुद्दाम बाहेर ठेवली आहे. तिची मुलगी याच गावात गरिबीत जगली. त्या दुःखावर रहस्यकथा रचायला मन घेत नाही.

आणखी एक. पहिल्या खर्ड्यात मी १९०८ सालीच थिबा पॅलेसच्या अर्धगोल खिडकीत खुणेचा दिवा लावला होता! पॅलेस १९१० चा, त्याआधी राजा जुन्या बंगल्यात. ते प्रकरण आता १९११ च्या जुलैत नेलंय. अजून काही चुकत असेल तर सांगा.

प्रतिसाद :
जुलैत भाट्याच्या खाडीतून दिवा दिसायचा नाही हो, पावसाची झड असते. आगबोटीही पावसाळ्यात बंद, म्हणजे तुमचा खलाशी घरी बसलेला. राजाबद्दल म्हणाल तर त्याला हुकूम देऊ देऊ नका, विचारू द्या. लोकमान्यांची पत्रं मंडालेहून घरी यायची. मंडळाच्या हाती त्यातला मजकूर लागला, तर राजा सोनाराकडे नोकर पाठवून काय विचारेल? आपल्या गावाचंच ना?

धागाकर्ता :
दादा, हे वाचून बराच वेळ नुसता बसून होतो. सोनाराचं प्रकरण पहिल्यापासून लिहितो. दिव्याचा प्रसंग मार्गशीर्षात नेतो. आता एवढंच सांगा, पावसाळ्यानंतरची पहिली आगबोट नारळी पौर्णिमेला लागायची की पुढे? कुणाच्या आजी-आजोबांनी सांगितलेलं आठवत असेल तर इथे लिहा.