मदत हवी आहे: चॅटबॉटमध्ये एकाहून जास्त उत्तरं निवडता येणारा प्रश्न

नमस्कार मंडळी,

टेलिग्रामसाठी आरोग्याच्या प्रश्नावलीचा बॉट बनवतेय. कोड येत नाही, ब्लॉक ओढून जोडायचा बिल्डर वापरतेय. एकच उत्तर असलेले प्रश्न छान चालतात: बटण दाबलं की उत्तर व्हेरिएबलमध्ये (उत्तर साठवायच्या जागेत) जातं आणि पुढचा ब्लॉक सुरू होतो.

अडलंय ते "यांपैकी कोणते त्रास होतात?" इथे. डोकेदुखी, पाठदुखी, झोप न लागणं असे आठ पर्याय आहेत. एखाद्याला तीन-चार लागू असू शकतात, पण पहिलं बटण दाबताच बॉट पुढे निघून जातो. प्रत्येक त्रासाला वेगळा हो/नाही प्रश्न करून पाहिला, तर लोक कंटाळून मध्येच सोडतात. "आकडे लिहून पाठवा" म्हटलं तर कुणी "१,३" लिहितं, कुणी "1 3", कुणी सरळ "डोकं दुखतं". आपला त्रास सांगायला बसलेल्या माणसाचं उत्तर असं वाया जाऊ नये, एवढंच मला हवंय.

शिवाय बटणामागच्या व्हॅल्यूत मराठी मजकूर टाकला की लांब पर्यायांना एरर येते. छोट्यांना येत नाही. असं का?

आणि "काहीच त्रास नाही" हे कुणी बाकीच्यांसोबत निवडलं तर काय करायचं?

प्रतिसाद:

एररचं आधी सांगतो. टेलिग्राममध्ये इनलाइन बटणाच्या (मेसेजखालच्या बटणाच्या) कॉलबॅक डेटाला, म्हणजे तुम्ही म्हणता त्या बटणामागच्या व्हॅल्यूला, 64 बाइटची मर्यादा आहे. यूटीएफ-8 मध्ये (मजकूर साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाइट घेतं. काना, मात्रा, वेलांटी सगळी वेगळी मोजली जातात. म्हणजे जेमतेम 21 चिन्हं बसतात. बटणावर मराठी राहू द्या, मागे नुसता आकडा द्या.

आता मुख्य अडचण. पर्यायाचं बटण पुढच्या ब्लॉकला न जोडता त्याच प्रश्नाकडे परत वळवा. वाटेत एक अट घाला: पर्याय निवडलेल्यांच्या यादीत नसेल तर घाला, असेल तर काढा. म्हणजे चुकून दाबलेलं परत दाबून रद्द करता येतं. पुढे नेणारं "झालं" हे बटण वेगळं ठेवा. "काहीच त्रास नाही" दाबलं की यादी रिकामी करून थेट पुढे पाठवा.

यादी रिकामी करणारा ब्लॉक प्रश्नाच्या आधी, लूपच्या (प्रश्नाकडे परत वळणाऱ्या या फेऱ्याच्या) बाहेर हवा. आत राहिला तर दर वेळी आधीची निवड पुसली जाते.

बिल्डरमध्ये मेसेज एडिट करायची सोय असेल तर नक्की वापरा. तोच मेसेज बदलून निवडलेल्या पर्यायापुढे बरोबरची खूण दाखवा, नाहीतर तोच प्रश्न पुन्हा पुन्हा येऊन चॅट भरून जाईल.

हाच बॉट व्हॉट्सॲपवर न्यायचा असेल तर तिथे एका मेसेजला रिप्लाय बटणं 3च मिळतात. आठ पर्यायांना लिस्ट घ्यावी लागेल. तीत 10 ओळी मावतात, पण एका वेळी एकच निवडता येते, त्यामुळे लूप तिथेही लागेल. व्हॉट्सॲप फ्लोज (चॅटमध्येच उघडणारा फॉर्म) वापरता आलं तर चेकबॉक्सच मिळतात, मग लूपची गरज नाही.