पाणंदीचा मुरूम ओढ्यात जातोय, नकाशावर कसा शोधायचा?

शिवारकर: नमस्कार मंडळी. अकोले तालुक्यातलं डोंगराळ गाव आमचं. उन्हाळ्यात पाणंदीवर मुरूम टाकून रोलर फिरवला, पावसाळ्यात त्यातला बराचसा ओढ्यात गेला. ओढ्याकाठीच नळयोजनेची विहीर. रात्री भरून ठेवलेल्या हंड्यात सकाळी तळाला तांबडा गाळ बसलेला असतो. ग्रामसभेत एकच उत्तर: सगळा रस्ता सिमेंटचा करा. तेवढा निधी आणायचा कुठून?

क्यूजीआयएस हे नकाशाचं सॉफ्टवेअर कामापुरतं येतं. इस्रोच्या भुवन संकेतस्थळावरून कार्टोडेम हा जमिनीच्या उंचीचा नकाशा उतरवून पाण्याच्या वाटा काढल्या. पण नकाशात पाणी रस्ता आडवा ओलांडून जातं, आणि इथे बघावं तर रस्त्यावरूनच खाली पळतं. असं का?

नालाबंडिंग: मृदसंधारणाच्या कामात केस पिकले, म्हणून जरा लांबण लावतो.

कार्टोडेमचा एक चौकोन साधारण 30 मीटरचा. तुमची पाणंद तीन-चार मीटरची. त्याला रस्ताच दिसत नाही, तर चाकोरीतलं पाणी काय दिसणार! त्या नकाशाकडून दोनच गोष्टी घ्या: चढाचे तुकडे कुठले आणि रस्ता ओढ्याला कुठे खेटतो. बाकी सगळं पायी.

मोबाईलवर क्यूफील्ड टाका, क्यूजीआयएसला जोडून जागेवर नोंदी करायचं अ‍ॅप आहे ते. दणकून पाऊस चालू असताना वरून खाली चालत या. छत्री नको, रेनकोट घाला, हात मोकळे हवेत. पाणी जिथे जिथे रस्ता सोडतं तिथे टिंब मारा. ते किती लांबून वाहत आलं ते लिहा आणि पुढे गवतात मुरलं की थेट ओढ्याला मिळालं तेही लिहा. फोटो घ्याच, ग्रामसभेत नकाशापेक्षा फोटो चालतो. गवतात मुरणाऱ्या टिंबांवर एक रुपया घालू नका.

अमेरिकेच्या वनखात्याची ग्रेप नावाची पद्धत हीच: जीपीएस घेऊन रस्त्यावरची प्रत्येक निचऱ्याची जागा नोंदवायची, मग संगणकावर गाळाचा हिशेब. ओरेगॉनच्या जंगलरस्त्यांवर मोजलं तेव्हा गाळ हा लांबी गुणिले उताराचा वर्ग या प्रमाणात निघाला. म्हणजे 8 टक्के उताराचा 200 मीटरचा तुकडा 4 टक्क्यांच्या 400 मीटरच्या दुप्पट गाळ देतो. अशा तुकड्यावर मधेच आडवा उंचवटा घालून वरचं पाणी बाजूच्या गवतात काढलं, तर त्या भागाचा गाळ ओढ्यापर्यंत येतच नाही. रस्त्याला मधे उंची ठेवून दोन्हीकडे ढाळ द्या. रोलरवाला सपाट करून मोकळा होतो, तिथे उभं राहावं लागतं.

बांधावरचा: कागदावर छान आहे हो. पण पाणी बाजूला काढायचं म्हणजे कुणाच्या वावरात? आमच्याकडे एका चारीवरून भाऊबंद तलाठ्यापर्यंत गेले.

नालाबंडिंग: रास्त आहे. टिंबांखाली गट नंबरांचा नकाशा घाला, म्हणजे गायरान आणि पडीक कुठे ते कळेल. पाणी बाहेर काढायची पहिली तोंडं तिकडेच. पण गटाची रेघ आणि जीपीएस यांत पाच-दहा मीटरचा फरक सहज पडतो, तेव्हा तो नकाशा दाखवून हद्दीचा वाद घालू नका. खाजगी रानात सोडायचंच तर मालकाला सोबत घेऊन फिरा आणि तोंडाशी दगड रचा, नाहीतर तिथे घळ पडेल.

द्राक्षवाला: आमच्याकडे क्रशरच्या डंपरचा धुरळा घडांवर बसतो. हाच नकाशा चालेल?

नालाबंडिंग: टिंबांचा उपयोग नाही. धुळीला वारा, डंपरच्या फेऱ्या आणि वेग बघावा लागतो. वेगळा धागा काढा, लिहितो.

शिवारकर: समजलं. विहिरीच्या वरच्या अंगाचा चढ आधी धरतो. क्यूफील्डमध्ये मराठीत नोंदी होतात का? पोरं सोबत असतील.

नालाबंडिंग: होतात. नोंदींची फाईल शेपफाईल प्रकारात करू नका, ती कॉलमचं नाव दहा इंग्रजी अक्षरांवर कापते, मराठी तर त्याआधीच. जिओपॅकेज प्रकारात करा. आणि मोबाईल पिशवीत घाला.