मदत हवी आहे: जुन्या मिनीव्हॅनच्या घड्याळाची मिनिटं पुढे सरकत नाहीत

घरच्या २००३च्या मिनीव्हॅनची बॅटरी बदलली आणि डॅशबोर्डवरचं घड्याळ १:०० पासून सुरू झालं. घड्याळ स्टिरिओपासून वेगळं आहे, खाली एच आणि एम अशी दोन बारीक बटणं. चावी एसीसीवर (इंजिन बंद, पण स्टिरिओ-घड्याळाला वीज चालू) ठेवून एच दाबलं की तास लगेच बदलतो. एम मात्र आत रुतलंय. रिफिलच्या टोकानं दाबलं, धरूनही ठेवलं, मिनिटं हलत नाहीत.

बरोबर तासाच्या ठोक्याला बॅटरीची वायर काढून जोडली तर जमेल, पण मग स्टिरिओ चोरीपासून बचावाचा कोड मागेल अशी भीती आहे आणि तो कोड आमच्याकडे नाही. मॅन्युअलही हरवलंय. आई गाडी चालवताना याच घड्याळाकडे बघते, म्हणून ते नीट व्हायलाच हवं.

क्लिपा न तोडता नुसतं घड्याळ बाहेर काढून त्याचा प्लग सोडवता येतो का? सुरुवात कुठल्या बाजूनं करायची?