बायकोच्या कंबरेसाठी नागपूरला कायरोप्रॅक्टरकडे न्यावे का? एमआरआयमध्ये नस दबलेली आहे

वावरवाला_राळेगाव

नमस्कार. राळेगाव तालुक्यातून लिहितो. कोरडवाहू शेती, पऱ्हाटी आणि तूर. बायकोचे वय ४१. दोन वर्षांच्या वर झाले तिची कंबर दुखते. मागच्या वेचणीपासून ते दुखणे डाव्या कुल्ल्यातून मांडीच्या मागून पोटरीपर्यंत उतरते. ओटी बांधून दिवसभर वाकून कापूस वेचायचा, संध्याकाळी गाठोडे डोक्यावर घेऊन घरी यायचे, हे तिने लग्न झाल्यापासून केले. तिच्यासारखा वेचणीचा हात आमच्या गावात दुसऱ्या कोणाचा नाही, हे मी नवरा म्हणून नाही, बाकीच्या बायाच सांगतात म्हणून लिहितो.

आता ती कणिकसुद्धा उभ्याने भिजवते. खाली बसली की उठताना भिंत धरावी लागते. रात्री कूस बदलली की "माय वो" निघते. मी जागा झालो की म्हणते, तुम्ही झोपा, सकाळी फवारणी आहे.

उपाय केले. आधी उसण भरली म्हणून पायाळू बाईचा पाय लावून घेतला. मग तालुक्याच्या दवाखान्यात इंजेक्शन, दोन दिवस बरे वाटते आणि पुन्हा तेच. पट्टा घेतला, तो उन्हात लावून काम होत नाही. एमआरआय काढला. कंबरेच्या खालच्या मणक्यांत एल-४ एल-५ आणि एल-५ एस-१ या दोन ठिकाणी गादी सरकली आणि डावीकडची नस दबते, असे त्यात आहे. एक डॉक्टर म्हणतात ऑपरेशन करा, दुसरे म्हणतात गोळ्या घ्या आणि आराम करा. वेचणी तोंडावर असताना आराम कसा करायचा, ते कोणी सांगत नाही.

आता भाच्याने तिला मोबाईलवर व्हिडिओ दाखवले. माणसाला टेबलावर आडवे करून झटका देतात, कटकन आवाज येतो आणि तो उठून चालायला लागतो. मानेला टॉवेल घालून ओढतात. ती रोज पाहते. परवा म्हणाली, मला एकदा तिथे न्या ना. या बाईने आजवर दवाखान्याचे नाव स्वतःहून काढले नव्हते, म्हणून मला तिला नुसते नाही म्हणता येत नाही.

असा हाताने मणक्याला झटका देऊन इलाज करणाऱ्याला कायरोप्रॅक्टर म्हणतात. नागपूरच्या अशा एका ठिकाणी फोन लावला. दहा बैठकांचे पॅकेज, पैसे आधी. एमआरआय पाठवू का विचारले तर म्हणाले गरज नाही, घेऊन या, मणका जागेवर बसवून देतो. पैशाचे मी तुरीवर पाहीन. मला भीती दुसरीच आहे. नस दबलेली असताना झटका दिला आणि पाय गेला तर? कोणाच्या घरी कोणी हा इलाज घेतला असेल तर खरे काय ते सांगा जी.

फिजिओ_वर्धा

दादा, मी फिजिओथेरपिस्ट आहे. पॅकेजचे पैसे अजून दिले नसतील तर थांबा. एमआरआय न पाहता, पेशंटला हात न लावता फोनवर "बसवून देतो" म्हणणाऱ्याकडे तुमच्या बायकोला मी पाठवणार नाही.

मणका जागेवरून हललेला नसतो, त्यामुळे तो "बसवायचा" प्रश्नच नाही. तो कटकन आवाज सांध्यातल्या द्रवात वायूचा बुडबुडा तयार होतो त्याचा. बोटं मोडल्यावर येतो तोच. आवाज आला म्हणजे नस सुटली असं होत नाही.

ही कायरोप्रॅक्टिक पद्धत १८९५ साली अमेरिकेत आयोवा राज्यातल्या डॅव्हनपोर्टला डी. डी. पामर यांनी सुरू केली. तिकडे त्याची वेगळी पदवी आहे आणि सरकारी परवाना लागतो. आपल्याकडे त्यासाठी डॉक्टरांसारखी कौन्सिल नाही, त्यामुळे पाटी कोणीही लावू शकतो. फिजिओथेरपिस्टला महाराष्ट्रात ओटीपीटी (ऑक्युपेशनल थेरपी आणि फिजिओथेरपी) कौन्सिलची नोंदणी लागते. कोणाकडेही गेलात तरी पदवी आणि नोंदणी विचारा, त्यात लाजू नका.

हाताने मणक्यावर करायचे उपचार मुळातच खोटे आहेत असं मात्र मी म्हणणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीवर ज्या सूचना काढल्या, त्यात व्यायामासोबत या उपचारांनाही जागा आहे. पट्टा आणि ट्रॅक्शन (कंबर ताणून ओढणं) मात्र सरसकट देऊ नका असं त्यात म्हटलंय. पण त्या सूचना ज्या कंबरदुखीमागे ठरावीक कारण सापडत नाही तिच्यासाठी आहेत. तुमच्या घरी दुखणं पायात उतरलंय आणि नस दबलेली दिसतेय. तिथे नसेची ताकद तपासल्याशिवाय झटका द्यायचा नाही. मानेला टॉवेल घालून ओढणं तर अजिबात नको. मानेच्या झटक्याने रक्तवाहिनीला इजा होऊन लकवा मारल्याच्या घटना वैद्यकीय नोंदींत आहेत, आणि यांचं दुखणं तर कंबरेत आहे.

आज घरीच एवढं बघा. त्यांना टाचांवर चालायला सांगा, मग चवड्यांवर. दोन्ही पायांचे अंगठे वर उचलायला लावा आणि तुम्ही बोटाने खाली दाबा, दोन्हींत ताकद सारखी आहे का ते पाहा. संध्याकाळी बारीक ताप येतो का, वजन उतरलंय का, हेही विचारा, कारण मणक्याचा टीबी आपल्याकडे अजून दिसतो. लघवी अडकणं किंवा नकळत होणं, बसायच्या जागी बधिरपणा, दोन्ही पाय लुळे पडणं, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न पाहता मोठा दवाखाना गाठायचा. हे बायका नवऱ्यालाही सांगत नाहीत. तुम्ही स्पष्ट विचारा.

दारव्हेकर

मी स्वतः नागपूरला अशा एकाकडे जाऊन आलो. मला फायदा झाला, खोटं कशाला बोलू. ट्रॅक्टरवर बसून बसून कंबर धरली होती. तिथल्या माणसाने आधी तासभर तपासलं, एक्स-रे पाहिला, मग हात लावला. व्यायामही शिकवले आणि ते मी अजून करतो. पण माझं दुखणं कंबरेतच होतं, पायात कधी आलं नाही. वहिनींचं वाचून मला ते वेगळं वाटतं.

आर्वीची_ताई

भाऊ, मला हेच दुखणं होतं, डावा पाय पोटरीपर्यंत. मी पण वेचणीची बाई. ऑपरेशन झालं नाही. सेवाग्रामच्या मोठ्या दवाखान्यात दाखवलं, गोळ्या काही आठवडे, आणि व्यायाम शिकवले ते घरी केले. उतरायला महिने लागले हो, व्हिडिओसारखं नाही.

डॉक्टर आराम म्हणतात तेव्हा खाटेवर पडून राहायचं असं नसते. मी हळूहळू चालत राहिले. ओटी पोटापर्यंत भरू द्यायची नाही, अर्धी झाली की धुऱ्यावर रिकामी करायची. गाठोडं डोक्यावर घ्यायचं बंद, ते पोराने गाडीवर न्यायचं. निंदणाला खुरपं सोडून लांब दांड्याचं अवजार घेतलं. पाण्याची गुंडी कमरेवर घेत नाही. हे सगळं माझ्या घरच्यांनी मान्य केलं म्हणून जमलं. तुमच्या बायकोला कोणी "कामचुकार" म्हणत असेल ना, तर त्यांची तोंडं तुम्ही बंद करा. ते बोलणं कंबरेपेक्षा जास्त लागते.

वावरवाला_राळेगाव

ताई, आमची आई म्हणते तसे. आज मी तिला सांगितले.

फिजिओ ताई, तुम्ही सांगितले ते रात्रीच करून पाहिले. टाचांवर चालली, पण डावीकडे झोक जातो. उजवा अंगठा मी दाबला तर खाली जात नाही, डावा लगेच खाली जातो. तिला स्वतःलाही ते माहीत नव्हते. चप्पल पायातून निसटते असे ती म्हणायची, तर आम्ही चप्पल बदलली होती. लघवीचे विचारले, तिथे काही त्रास नाही. ताप नाही.

फिजिओ_वर्धा

अंगठ्याची ताकद कमी आहे म्हणजे एल-५ ची नस नीट काम करत नाही. आता कायरोप्रॅक्टरचा विषय बंद, आणि सध्या माझ्यासारख्या फिजिओकडेही आधी नको. येत्या एक-दोन दिवसांत सेवाग्राम किंवा सावंगीच्या हाडांच्या नाहीतर न्यूरोसर्जरीच्या ओपीडीत दाखवा. ऑपरेशन लागेलच असं नाही, पण लागणार असेल तर ताकद आणखी कमी व्हायच्या आत ते ठरलं पाहिजे. एमआरआयच्या रिपोर्टसोबत फिल्मही न्या. रेशनकार्ड आणि आधार ठेवा. महात्मा फुले योजनेत बसतं का ते तिथल्या आरोग्यमित्राला विचारा. आणि डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की डावा अंगठा उचलत नाही, चप्पल निसटते. गर्दीत "कंबर दुखते" एवढंच सांगितलं तर मुद्दा राहून जातो. मधेच पाऊल आणखी लुळं पडलं तर ओपीडीची वाट न बघता थेट इमर्जन्सीला न्या.

वावरवाला_राळेगाव

उद्या सकाळच्या गाडीने निघतो. तिला व्हिडिओवाल्याकडे का नाही नेत ते अंगठा दाबून दाखवले, तेव्हा ती समजली. रडली थोडी, मग सकाळचे डबे करायला लागली. तिला विचारायचे आहे की इलाज ठरेपर्यंत वेचणीला जाऊ का. तिने वाकून चार ओळी तरी वेचल्या तर चालेल का?

फिजिओ_वर्धा

नाही. घरात चालू द्या, उभ्याने स्वयंपाक करू द्या, कुशीवर झोपताना गुडघ्यांमध्ये उशी घेऊ द्या. वाकणं आणि वजन दोन्ही बंद.

आर्वीची_ताई

एसटीत मागच्या सीटवर बसवू नका, फार उसळते. मधल्या सीटवर बसवा आणि पाठीमागे चादरीची घडी द्या. वेचणीला मजूर मिळत नसतील तर इथे सांगा. राळेगावकडे माझी बहीण आहे, तिच्या गटातल्या बाया येतील.